मैफल आणि दिवाणखाना : ध्वनीच्या घरगुती पुनर्निर्मितीविषयी

घरातील ध्वनियंत्रणा प्रत्यक्ष गायनवादनाच्या किती जवळ जाऊ शकते, हा प्रश्न ग्रामोफोनइतकाच जुना असला तरी त्याची उत्तरे बहुधा दोन टोकांवरूनच दिली जातात. यंत्रे विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे गायक साक्षात दिवाणखान्यात अवतरतो, तर मैफलींत मुरलेल्या श्रोत्याच्या मते स्पीकरमधून येते ते गाणे नव्हेच. दोन्ही उत्तरांत तथ्याचा अंश आहे. पण ती ज्या प्रश्नाला दिली जातात तो प्रश्नच अर्धा विचारलेला असतो, कारण कोणते गाणे, कोणत्या जागेत झालेले आणि श्रोत्याने कोठे बसून ऐकलेले, हे आधी ठरल्याशिवाय तुलनेसाठी लागणारे मूळच हाती येत नाही. वाड्याच्या दिवाणखान्यात चाळीस-पन्नास माणसांपुढे रंगलेला ख्याल, दोन-अडीच हजार आसनांच्या सभागृहात वाजलेली सिम्फनी आणि मैदानावरच्या मांडवात ध्वनिवर्धकांतून हजारोंपर्यंत पोचलेले गाणे, ही तिन्ही प्रत्यक्षच होत. परंतु घरातील यंत्रणेपुढे ती तीन निरनिराळी कामे ठेवतात. त्यांतले एक तिला बऱ्यापैकी जमते, दुसरे जवळजवळ अशक्य असते आणि तिसऱ्याच्या बाबतीत तुलनेचा अर्थच बदलून जातो.

या विवेचनाच्या मुळाशी असलेला एक भेद पुढे वारंवार लागणार असल्याने तो येथेच स्पष्ट केलेला बरा. ध्वनियंत्रणेकडून दोन वेगळ्या अपेक्षा ठेवता येतात. गायक किंवा वाद्य श्रोत्याच्या खोलीत यावे, ही एक. श्रोत्याने आपली खोली सोडून गायकाच्या जागी जाऊन बसावे, ही दुसरी. पहिल्या अपेक्षेत खोली श्रोत्याचीच राहते, तिच्या भिंती आणि छत आलेल्या आवाजाला आपला रंग देतात आणि तो रंग खराच असतो, कारण तो गायक खरोखर तेथे येऊन गायला असता तरी त्याच भिंतींतून त्याचा आवाज परतला असता. दुसऱ्या अपेक्षेत मात्र दहा बाय बाराच्या खोलीने स्वतःचे अस्तित्व पुसून टाकून एका भव्य सभागृहाचे सोंग घ्यावे, अशी मागणी असते. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील यशाच्या बहुतेक कहाण्या पहिल्या अपेक्षेच्या आहेत आणि निराशेच्या बहुतेक कहाण्या दुसरीच्या. हा भेद न पाळल्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना खोटे ठरवत आले आहेत.

टॉमस एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गावोगाव भरवलेल्या ‘टोन टेस्ट’ या पहिल्या अपेक्षेचे सर्वांत गाजलेले उदाहरण होत. रंगमंचावर ग्रामोफोनशेजारी गायिका उभी राही, ती कधी स्वतः गाई तर कधी मध्येच थांबून तबकडीला गाऊ देई, मग दिवे मालवले जात आणि ते पुन्हा लागेपर्यंत गायिका निघून गेल्याचे श्रोत्यांच्या ध्यानातही येत नसे. ज्या यंत्रात विजेचा वापर नव्हता, ज्याच्या कमाल कंप्रतेला आजच्या मोबाइल फोनचा स्पीकरही लाजवील आणि ज्याच्या सुईची खरखर सतत ऐकू येई, त्याने भरलेल्या सभागृहाला चकवावे हे आज अविश्वसनीय वाटते. या प्रयोगांत भाग घेतलेल्या ॲना केस या गायिकेने पुढे उतारवयात सांगितलेली हकीकत त्यावर प्रकाश टाकते : यंत्राचा आवाज तिच्या आवाजासारखा नव्हता, तीच आपला आवाज यंत्राशी जुळेल इतका आवरून गात असे. यंत्र प्रत्यक्षाच्या जवळ गेले नव्हते, प्रत्यक्षच खाली उतरून यंत्रापाशी आले होते. जाहिरातीत यातले काहीच आले नाही हे सांगायला नकोच.

त्याआधीची भारतातील स्थितीही वेगळी नव्हती. ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात मुद्रणे केली, तेव्हा गायकाला कर्ण्यात तोंड घालूनच गावे लागे आणि अख्खा ख्याल तीन मिनिटांच्या आसपास आटोपावा लागे. कर्ण्याने टिपलेल्या आवाजात सुमारे दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे काही उरत नसे. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येचे, म्हणजेच कंप्रतेचे, एकक, आणि तरुण माणसाचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकतो, हे लक्षात घेतले म्हणजे किती गळत होते त्याचा अंदाज येतो. तरीही लोकांना गायक ओळखू येई, गाणे आवडे, तबकड्या खपत. यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे : आवाजाची ओळख पटणे आणि तो प्रत्यक्ष असल्याचा भास होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असून पहिलीला फारच थोडा ऐवज पुरतो.

प्रामाणिक म्हणावी अशी तुलना ‘टोन टेस्ट’नंतर चाळीस वर्षांनी झाली. इंग्लंडमधील स्पीकर बनवणारे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि त्याचे मुद्रण पाठोपाठ ऐकवले. अमेरिकेत ॲकूस्टिक रिसर्च या कंपनीचे संस्थापक एडगर व्हिल्चर यांनी फाइन आर्ट्स क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचासह हाच प्रयोग अनेकदा केला. वादक मध्येच गज तारांपासून किंचित उचलून नुसता हात हलवत राहत आणि वाजवणे स्पीकरकडे सोपवले जाई, तरी बदल नेमका कोणत्या क्षणी झाला हे बहुतेकांना सांगता येत नसे. येथे एडिसनसारखी लबाडी नव्हती, पण एक शहाणपण होते. ज्या मुद्रणाशी तुलना करायची ते निनाद जवळजवळ नसलेल्या जागी केलेले होते. निनाद म्हणजे मूळ ध्वनी थांबल्यावरही भिंती-छतांवरून परत परत उसळून काही काळ रेंगाळणारा नाद. तो मुद्रणात आधीच मिसळलेला असता तर सभागृहाने त्यात आपला निनाद पुन्हा मिसळला असता आणि दुहेरी निनादाने स्पीकरचे पितळ तत्काळ उघडे पडले असते. चार वाद्ये, कोरडे मुद्रण आणि दोहोंना समान अशी एकच जागा, एवढ्या अटी पाळल्या तर त्या काळची यंत्रणाही सजग श्रोत्याला फसवू शकत होती, हे यातून सिद्ध झाले. घरी मात्र यांतली एकही अट आपसूक पाळली जात नाही, कारण बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक मुद्रणात कोणत्या ना कोणत्या जागेचा खरा किंवा यंत्राने घातलेला निनाद असतोच.

दुसऱ्या अपेक्षेचा, म्हणजे श्रोत्याला सभागृहात नेण्याचा, पद्धतशीर प्रयत्न बेल लॅबोरेटरीजने केला. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातील वाद्यवृंदाचे वादन तीन मायक्रोफोन, तीन स्वतंत्र तारा आणि तीन स्पीकर अशा योजनेने वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये ऐकवण्यात आले आणि वृंदाचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वादकांबरोबर न राहता वॉशिंग्टनमध्ये आवाजाच्या नियंत्रणापाशी बसले. त्याआधी दीड वर्ष, डिसेंबर १९३१ मध्ये, इंग्लंडमध्ये ॲलन ब्लूमलाइन यांनी दोन मार्गिकांच्या, म्हणजे आज ज्याला स्टिरिओ म्हणतात त्या, पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. एका बाजूने येणारा ध्वनी एका कानावर आधी आणि दुसऱ्यावर किंचित उशिरा पडतो, हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो आणि मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. या तत्त्वावर दोन स्पीकरांच्या दरम्यान वादकांची आभासी मांडणी करता येते. तीन मार्गिका अधिक चांगल्या, हे बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकांना ठाऊक होते. परंतु तबकडीच्या खाचेला दोनच भिंती असतात आणि घरात तिसऱ्या स्पीकरला जागा कोण देणार, या दोन अगदी व्यावहारिक कारणांनी १९५८ च्या सुमारास दोन मार्गिकांचाच पायंडा पडला.

या तडजोडीची किंमत नेमकी कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे. ख्यालाच्या मुद्रणात सामान्यतः तबला एका अंगाला, संवादिनी दुसऱ्या अंगाला आणि गायक मध्यभागी ऐकू येईल अशी मांडणी करतात. मध्यभागी स्पीकर नसतोच. दोन्ही स्पीकर एकाच वेळी सारखाच आवाज काढतात म्हणून गायक मध्ये असल्याचा आभास होतो. पण डावा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू येतो आणि उजवा डाव्याला, त्यामुळे प्रत्येक कानावर तोच आवाज सुमारे पाव मिलिसेकंदाच्या अंतराने दोनदा पडतो आणि दोन हजार हर्ट्झच्या आसपास या दोन प्रती एकमेकींना अंशतः खोडतात. शब्दांची स्पष्टता आणि आवाजाची जवळीक ज्या पट्ट्यात असते तोच हा पट्टा. म्हणजे मैफलीत जो प्रधान, त्याचीच प्रतिमा सर्वांत कच्ची, आणि श्रोत्याने मधली जागा सोडून हातभर सरकून लोडाला टेकावे तर ती प्रतिमा जवळच्या स्पीकरमध्ये कोसळते. जुन्या एका मार्गिकेच्या मुद्रणातला गायक काहींना अधिक ठोस वाटतो, त्याचे श्रेय नेहमीच गतकाळाच्या हळवेपणाला देण्याचे कारण नाही.

साठवणुकीच्या माध्यमाचा प्रश्न मात्र सुटलेला आहे आणि त्यावर फार पाने खर्च करण्याची आवश्यकता नाही. १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतलेली असतात, त्यामुळे सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतची कंपने टिपता येतात, आणि प्रत्येक मोजमाप सोळा द्विमान अंकांत नोंदलेले असल्याने सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या ध्वनींत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते. याहून वरचढ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वरूपांची तपासणी बॉस्टन परिसरातील दोन ध्वनिप्रेमी अभ्यासकांनी २००७ साली प्रसिद्ध केली. वरच्या दर्जाचा ध्वनी सरळ ऐकवला आहे की कॉम्पॅक्ट डिस्कच्या गाळणीतून, हे श्रोत्यांनी न बघता ओळखायचे होते आणि साडेपाचशेहून अधिक प्रयत्नांत बरोबर उत्तरे निम्मीच, म्हणजे नाणे उडवून मिळतील तेवढीच, आली. नंतरच्या काही विश्लेषणांत अगदी किंचित फरक दिसला, पण तो घरच्या खोलीतील दोषांपुढे नगण्य आहे. चांगल्या ॲम्प्लिफायरबद्दलही असेच म्हणता येते, आणि हजारो रुपयांच्या वायरींबद्दल तर काही न बोललेलेच बरे.

खरी अडचण साखळीच्या दोन टोकांना आहे : ज्या जागी मायक्रोफोन उभा होता तेथे आणि ज्या जागी स्पीकर उभा आहे तेथे.

तंबोऱ्याचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. घोडीच्या वक्र पृष्ठभागावर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावली की तार घोडीला हलके घासत कंप पावते आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतेचे स्वर, ज्यांना शास्त्रात संनादी म्हणतात, एकामागून एक फुलत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवले की तार जेथे छेडली जाते तेथील स्थितीमुळे जे संनादी उमटूच नयेत असे प्रचलित नियम सांगतो, तेही या घोडीमुळे जोमाने उमटतात. खर्जाच्या तारेतून गवयांना ऐकू येणारा स्वयंभू गंधार म्हणजे तिचा पाचवा संनादी. काळी एकच्या पुरुष गायकासाठी खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते आणि लहान स्पीकर इतक्या खाली पोचत नाहीत. तरीही खर्ज हरवल्यासारखा वाटत नाही, कारण वरचे संनादी सुसंगत असले की कान गाळलेला मूळ स्वर स्वतःच पुरवतो. कंप्रतांच्या दृष्टीने पाहता तंबोरा हे स्पीकरला न झेपणारे वाद्य मुळीच नाही. तरी खऱ्या तंबोऱ्यापाशी बसलेल्या माणसाला स्पीकरमधला तंबोरा क्षणभरही खरा वाटत नाही, तो का?

कारण तंबोरा भोपळा, तबली आणि दांडी अशा सगळ्या अंगाने वाजतो आणि त्याचे निरनिराळे संनादी निरनिराळ्या दिशांना फेकले जातात; खोलीतल्या सगळ्या भिंतींना तो वेगवेगळ्या रंगाने उजळतो आणि श्रोत्याभोवती नादाचे वेष्टन तयार होते. स्पीकरची रीत उलट आहे. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असल्याने ती पेटीला वळसा घालून चहूकडे पसरते, तर १०,००० हर्ट्झची लहर ३.४ सेंटिमीटरचीच असल्याने वरच्या कंप्रतांसाठी असलेल्या इंचभर घुमटाच्या पुढ्यातच झोतासारखी जाते. परिणामी वरचे संनादी समोरून आणि खालचे सगळीकडून, असा कोणत्याही वाद्यात नसलेला प्रकार घडतो. तबल्याचे आणखी वेगळे. त्याची पुडी छताकडे तोंड करून असते, श्रोत्यापर्यंत बाजूने गेलेला आणि छतावरून परतलेला आवाज पोचतो. ध्वनिमुद्रक मात्र मायक्रोफोन पुडीपासून वितीवर लावतो आणि जे केवळ तबलजीच्या कानाला ऐकू येते तेच टिपतो. घरी ऐकू येणारी चाटेवरची करकरीत धार ही स्पीकरची करामत नसून त्या वितीची आहे. मैफलीत तिसऱ्या रांगेतल्या माणसाने ती कधीच ऐकलेली नसते.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे उद्योगक्षेत्रात फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षे पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांची पसंती तपासली, तेव्हा असे दिसून आले की समोरच्या दिशेला सर्व कंप्रता समतोल आणि बाजूंनाही तोच तोल टिकवणारे स्पीकर लोकांना सातत्याने आवडतात. मात्र पडदा दूर करताच किंमत, आकार आणि नाव यांनी निवाडा डळमळतो. ध्वनिमुद्रक आपल्या कक्षातील स्पीकरवर ऐकून मुद्रणाचा तोल ठरवतो, त्या स्पीकरचे दोष उलट होऊन मुद्रणात उतरतात आणि अशा मुद्रणांवरून पुन्हा नवे स्पीकर पारखले जातात, या चक्राला टूल यांनी गोंधळाचे वर्तुळ म्हटले आहे. चित्रपटगृहांसाठी ध्वनीची निश्चित मानके आहेत. संगीताच्या मुद्रणाला तशी सर्वमान्य मानके अद्याप नाहीत.

आता दुसरे टोक, म्हणजे श्रोत्याची खोली. खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया हार्वर्डमधील वॉलेस सॅबाइन यांनी घातला. फॉग संग्रहालयातील व्याख्यानकक्षात वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असल्याने कोणालाच काही कळत नसे. त्यावर उपाय शोधण्यासाठी १८९५ पासून सॅबाइन रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या वाहून आणत, निनादाचा काळ मोजत आणि सकाळपूर्वी त्या परत नेऊन ठेवत. त्यातून निघालेले सूत्र असे की निनादकाल हा खोलीच्या घनफळाच्या सम आणि तीतील एकूण ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हेच सूत्र दहा बाय बारा फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या, गिलावा केलेल्या काँक्रीट भिंतींच्या आणि फरशीच्या रिकाम्या खोलीला लावले तर निनादकाल अडीच-तीन सेकंदांच्या घरात जातो, म्हणजे १९०० साली सॅबाइन यांच्या सल्ल्याने उभ्या राहिलेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलपेक्षाही जास्त. गादी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट आणि चार माणसे आली की तोच अर्ध्या सेकंदापर्यंत उतरतो. नव्या घरात हौसेने आणलेला महागडा संच कर्कश का वाटतो, याचे उत्तर बहुतेक वेळा या आकडेमोडीतच सापडते.

गादी-पडदे मध्यम आणि वरच्या कंप्रतांना आवरतात, खालच्यांना नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट तरंगलांबीची लहर त्या दोहोंत अडकून उभी राहते आणि काही जागी फुगते, काही जागी पूर्ण मावळते. बारा फुटांच्या लांबीत अशी पहिली लहर सुमारे ४७ हर्ट्झवर आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ वर येते. त्यांच्या दुपटी ९४ आणि ११२ वर पडतात. आता बायाँवर तळहाताचा दाब देत तबलजी घुमारा ओढतो तेव्हा त्याचा स्वर ढोबळमानाने याच प्रदेशातून सरकत जातो. मैफलीत जो एकसंध चढ ऐकू येतो, तो या खोलीत एका टप्प्यावर दणदणतो, पुढच्या टप्प्यावर बसलेल्याच्या कानापाशी विरतो आणि पुन्हा उसळतो. वादकाने अत्यंत जाणीवपूर्वक केलेला दाबगास खोलीने आपल्या मापाने कापलेला असतो. खुर्ची दोन फूट पुढे सरकवली तर तोच घुमारा वेगळा ऐकू येतो. कोणत्याही किमतीच्या स्पीकरने हे टळत नाही. त्याची आणि बसण्याची जागा बदलणे, कोपरे टाळणे, शक्य तर खालच्या कंप्रतांचे स्पीकर दोन ठिकाणी विभागणे, हेच उपाय.

आवाजाच्या पातळीचा मुद्दाही येथेच घ्यावा लागतो. वाढ दहा डेसिबलची झाली की लागणारी शक्ती दसपट होते, पण कानाला आवाज सुमारे दुप्पटच वाटतो. सरासरी पातळीला एक वॉट पुरत असेल तर तिच्यावर वीस डेसिबलने उसळणाऱ्या थापेच्या क्षणाला शंभर वॉट लागतात आणि लहान यंत्रणा नेमक्या त्याच क्षणी आवाज चेपते. तबल्याची थाप घरी बोथट वाटते ती यामुळे. खालच्या बाजूला छताचा पंखा आणि रस्त्यावरची रहदारी यांच्या गोंगाटात तंबोऱ्याची मावळती आस बुडून जाते. शिवाय हार्वी फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवल्याप्रमाणे आवाज कमी केला की कानाला खर्जाकडील स्वर इतरांपेक्षा जास्त वेगाने मंद वाटू लागतात, त्यामुळे शेजाऱ्यांचा विचार करून रात्री हळू लावलेले गाणे लहान होते तसेच पातळही होते.

या सगळ्यावरून दोन-अडीच हजार आसनांच्या सभागृहातील वाद्यवृंदाचे घरातील पुनर्निर्माण जवळजवळ अशक्य का, हे कळून येते. त्या जागेत बाजूच्या भिंतींवरून येणारी पहिली परावर्तने पंधरा-वीस किंवा अधिक मिलिसेकंदांनी पोचतात आणि तोच मेंदूला जागेच्या विशालतेचा पुरावा असतो; घरातली भिंत दोन-पाच मिलिसेकंदांतच उत्तर देऊन लहानपणाचा पुरावा आधी सादर करते, आणि मुद्रणातला विशाल निनाद बाजूंनी, मागून, वरून न येता समोरच्या दोन पेट्यांतून येतो. मायकेल गर्झन यांची ॲम्बिसोनिक्स, डेल्फ्टमध्ये विकसित झालेले अनेक डझन स्पीकरांचे तरंगक्षेत्र-संश्लेषण किंवा हल्लीची छतावरच्या स्पीकरांची पद्धत ही या दिशेची पावले असून त्यांचा विचार स्वतंत्र प्रकरणात येईल. हेडफोन खोलीला वगळतात हे खरे, पण डोके वळवले तरी गायक डोक्याबरोबरच वळतो, आणि प्रत्येकाच्या कानाच्या पाळीची घडण वेगळी असल्याने आवाज समोर न राहता कवटीत शिरून बसतो.

बैठकीच्या गाण्याचे तसे नाही. ते जन्मतःच खोलीच्या मापाचे आहे : दोन तंबोरे, तबला, संवादिनी आणि एक कंठ, गादी-तक्क्यांनी आणि माणसांनी शोषून घेतलेला निनाद, आणि चार हातांवरचा श्रोता. व्हिल्चर यांच्या प्रयोगाला लागलेल्या अटींच्या जवळ जाणारे याहून सोयीचे संगीत शोधून सापडणार नाही, आणि तरी हिंदुस्थानी संगीताची मुद्रणे पाश्चात्य सभागृहाच्या निनादात बुडवून बाजारात येतात, हा आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाचा सर्वांत अनाकलनीय शौक म्हटला पाहिजे. याचे एक कारण श्रोत्यांच्या सवयीत आहे. १९५३ पासून पुण्यात भरत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या प्रचंड श्रोतृवर्गाच्या सोहळ्यांत ध्वनिवर्धनाला पर्याय नाही, आणि मुंबईच्या एनसीपीएमधील, १९८० साली सुरू झालेल्या टाटा थिएटरसारख्या मायक्रोफोनविना ऐकता यावे अशा हेतूने बांधलेल्या जागा अपवादच राहिल्या; परिणामी बहुसंख्य श्रोत्यांनी प्रत्यक्ष म्हणून ऐकलेले गाणेही स्पीकरमधलेच असते. अशा श्रोत्याने घरच्या संचाची तुलना मांडवाशी केली तर ती एका स्पीकरची दुसऱ्या स्पीकरशी तुलना ठरते, आणि तीत घरचा संच अनेकदा सरस ठरतो यात नवल नाही.

पुढील प्रकरणांत स्पीकर, खोली, मुद्रण आणि श्रवण यांचा याच क्रमाने नव्हे, तर अडचण जेथे मोठी तेथे अधिक थांबून विचार केला आहे. यंत्रे निवडण्याचे मार्गदर्शन शोधणाऱ्या वाचकाला खोलीवरचे प्रकरण आधी वाचण्याचा सल्ला द्यावासा वाटतो, आणि शक्य असल्यास त्यापूर्वी एखाद्या परिचिताच्या घरी जुळवलेल्या तंबोऱ्यापाशी मायक्रोफोनविना अर्धा तास बसण्याचा. ध्वनिमुद्रकांना आणि प्रकाशकांना विनंती एवढीच की मुद्रिकेवर रागाचे, तालाचे आणि साथीदारांचे नाव जसे छापले जाते, तसेच मुद्रण कोणत्या जागेत झाले, मायक्रोफोन किती होते, ते गायकापासून आणि तबल्यापासून किती अंतरावर होते आणि निनाद जागेचा आहे की यंत्राने घातलेला, याचीही नोंद छापावी. दोन ओळींत मावणारी ही माहिती आज जवळजवळ कोणत्याही मुद्रिकेवर मिळत नाही.